गायी गव्हाणीशी थांबत नाहीत, चारा उरतोय. कोब्यावर मॅट टाकायची तर नेमकी कुठे?

नवागोठा

नमस्कार मंडळी. आमच्या गायी बाराही महिने गोठ्यातच असतात, चरायला जागा नाही. आत मोकळ्या सोडलेल्या आहेत, एका बाजूला लांब गव्हाण, तिच्यासमोर उभं राहायला सिमेंटचा कोबा आणि मागच्या बाजूला बसायची जागा, तीपण कोब्याचीच, वर लाकडाचा थोडा भुसा टाकतो. कोबा नवीन आहे, ओला असताना खराट्याने रेघा मारून खरबरीत केलेला. त्याआधी ह्याच गायी मातीच्या जमिनीवर होत्या.

अडचण अशी की चारा टाकला की सगळ्या धावत येतात, बकाबका खातात आणि लवकरच मागे सरतात. आधी दिवसभर येऊन-जाऊन थोडं थोडं खायच्या ते बंद झालंय, संध्याकाळी गव्हाणीत चारा शिल्लक. चारा तोच, पेंड तीच, पाणी स्वच्छ, ताप नाही, जंताचं औषध झालंय. काही गायी बसायच्या जागेत पुढचे दोन पाय ठेवून मागचे पाय बाहेर अशा नुसत्या उभ्या असतात, ना खातात ना बसतात, बराच वेळ तशाच. दूधही थोडं उतरलंय.

मॅट विकणारा येऊन गेला, तो म्हणतो गव्हाणीसमोर रबर मॅट टाका, गाय जास्त वेळ उभी राहील, जास्त खाईल, दूध लगेच वाढेल. हे कितपत खरंय? सगळीकडे एकदम मॅट टाकणं जमणार नाही, एकच जागा निवडायची असेल तर गव्हाणीसमोर की बसायच्या जागी? ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा प्लीज.

दूधगाडा

बिनधास्त टाका गव्हाणीसमोर. आमच्याकडे टाकल्यापासून गायी निवांत उभ्या राहतात, घसरणं बंद, चालतानाही मान वर करून झपझप चालतात, आधी कशा जमिनीकडे बघत पाय जपून टाकायच्या. गाय गव्हाणीशी जेवढी थांबेल तेवढं खाणार, साधा हिशेब आहे. फक्त मॅट वरून खाच असलेली घ्या, गुळगुळीत घेतली तर शेण पडल्यावर कोब्यापेक्षा जास्त घसरते.

खूरतासणी

दूधगाडा भाऊंचं घसरण्याबद्दल बरोबर आहे, हिशेबाबद्दल नाही, सांगतो का ते.

आधी गायीचा दिवस बघा. गोठ्यातली दुभती गाय 24 तासांत साधारण 12 ते 14 तास बसते, 3 ते 5 तास खाते, धारेच्या वेळी दोन-तीन तास उभी असते, उरलेला वेळ पाणी, फिरणं, एकमेकींना चाटणं आणि ढकलणं. रवंथ 7 ते 10 तास चालतो आणि तो बहुतेक बसल्या जागी. आता ह्यातलं बसणंच कमी पडलं तर गाय ते कुठून भरून काढणार? खाण्याच्या वेळातून. लोकांना हे उलटं वाटतं पण गायीला काही तास बसूही दिलं नाही, खाऊही दिलं नाही आणि मग मोकळं सोडलं तर ती आधी बसायला जाते, समोर ताजा चारा असला तरी. म्हणून गव्हाणीशी थांबत नाही म्हणजे दोष गव्हाणीसमोरच्याच जमिनीत आहे असं धरून चालू नका.

पुढचे पाय आत आणि मागचे बाहेर हे जे तुम्ही लिहिलंय ना, मला तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. गायीला बसायचंय पण धीर होत नाहीये, किंवा खुरं दुखतायत म्हणून खालीवर होणं टाळतेय. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते आणि अंगाचा मोठा भार त्या गुडघ्यांवर येतो, उठताना मागचा भाग आधी उचलते आणि डोकं जोरात पुढे फेकते. कडक कोब्यावर पातळ भुसा म्हणजे गुडघा थेट सिमेंटवर आपटतो. तुम्ही स्वतः तिथे गुडघ्यांवर धपकन बसून बघा, दुखलं तर गायीलाही दुखतं, ह्यापेक्षा सोपी टेस्ट नाही.

दुसरं, नवीन खरबरीत कोबा म्हणजे पॉलिशपेपर. खूर महिन्याला साधारण 5-6 मिलिमीटर वाढतं, कोबा त्यापेक्षा जास्त घासत असेल तर तळवा पातळ होतो, अंगठ्याने दाबला की दबतो. अशी गाय खायला येते पण उभी राहायला नको म्हणून भराभर गिळते आणि निघते. भराभर मोठे घास म्हणजे एकदम जास्त चारा पोटात, पोटातलं आम्ल वाढतं, त्याचा त्रास परत खुरांनाच.

तर मला तीन गोष्टी सांगा. चालताना कुणाची पाठ कमानीसारखी होते का? मागच्या पायाच्या सांध्यावरचे केस गेलेत का, सूज आहे का? आणि पहाटेच्या धारेच्या तासभर आधी आवाज न करता गोठ्यात जाऊन बसायच्या जागेत असलेल्या गायींपैकी किती बसलेल्या आणि किती नुसत्या उभ्या ते मोजा.

नवागोठा

दादा, बघितलं. बसायच्या जागेत ज्या होत्या त्यातल्या निम्म्याच बसलेल्या, बाकीच्या उभ्या, त्यातल्या बऱ्याच तशाच अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. सांध्यावरचे केस गेलेत बऱ्याच जणींचे, एकीला सूज. पाठ कमान करून चालणाऱ्या दोन आहेत आणि दोन्ही पहिल्या वेताच्या. मोठ्या गायी त्या मानाने ठीक वाटतात. गुडघ्यांवर बसून बघितलं, परत नाही बसणार 😅

पण मग पहिल्या वेताच्यांनाच का? सगळ्या एकाच कोब्यावर आहेत.

पशुवैद्यताई

त्याचं कारण सांगते. वेताच्या आसपासच्या दिवसांत शरीरातले सांधे आणि बंध सैल होतात, ओटीपोटाचे होतात तसे खुराच्या आतलं हाड धरून ठेवणारेही होतात. ते हाड खाली सरकतं आणि तळव्याच्या आतल्या मऊ भागाला चेंबतं. टाचेकडे चरबीची गादी असते तिने हा दाब झेलायचा असतो, पण कालवडीत, म्हणजे पहिल्या वेताच्या गायीत, ती गादी अजून नीट तयार झालेली नसते, आणि मोठी गाय रोड असेल तर तिचीही पातळ होते. अशा वेळी जनावर कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहिलं की आत इजा होते. बाहेर मात्र लगेच काही दिसत नाही, आत झालेली इजा तळव्याच्या वाढीबरोबर खाली यायला दोन-तीन महिने लागतात, मग तळव्याला व्रण दिसतो आणि गाय लंगडते. म्हणजे आज जी लंगडतेय तिचं कारण दोन-तीन महिन्यांपूर्वी ती कुठे उभी होती त्यात शोधायचं, कालच्या चाऱ्यात नाही. त्यात कालवडी भांडणात मागे असतात, मोठ्या गायी चांगली जागा धरतात, मग ह्या बिचाऱ्या वाटेत उभ्या.

त्यामुळे नवागोठा, मॅट आणा किंवा नका आणू, विण्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन-चार आठवडे जनावर मऊ, कोरड्या जागेवर ठेवता आलं तर बघा, मातीचा किंवा जाड भुशाचा कोपरा चालेल. लंगडणाऱ्या दोघींची खुरं आत्ताच उचलून बघून घ्या, व्रण असेल तर त्याच पायाच्या चांगल्या नखीला (खुराच्या दोन भागांपैकी एक म्हणजे नखी) ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढता येतो. मागच्या पायाची बाहेरची नखी आधी बघा, बहुतेक वेळा त्रास तिथेच असतो, कडक जमिनीवर तीच जास्त वाढते आणि तीच जास्त भार घेते.

खूरतासणींनी मोजायला लावलं ते योग्य आहे. बसायच्या जागेत असलेल्या 100 पैकी 85 तरी बसलेल्या हव्यात. निम्म्या म्हणजे फारच कमी. फक्त एक, कडक उन्हाळ्यात दुपारी मोजू नका, उकाड्यात गायी अंग गार करायला मुद्दाम उभ्या राहतात, तेव्हा दोष जमिनीचा नसतो, पंखे आणि हवा बघायची.

दूधगाडा

ते सगळं ठीक पण माझ्या गायी मॅटवर जास्त थांबतात हे मी डोळ्यांनी बघतोय, त्याचं काय? उगाच नाही म्हणत मी.

खूरतासणी

थांबतात ना, ते कोण नाकारतंय. रबरवर गाय पाऊल लांब टाकते, वेगाने चालते, कमी घसरते, आणि गव्हाणीसमोर उभी राहायचा वेळही वाढतो, हे बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे. पण उभी राहणं आणि खाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ. उभा वेळ वाढला म्हणून पोटात गेलेला चारा वाढलाच असं दिसत नाही. कधी कधी तर ती तिथे थांबते कारण बसायची जागा त्याहून वाईट असते, आणि काही गोठ्यात गायी चक्क गव्हाणीसमोरच्या मॅटवर शेणातच बसतात. मग कास घाण, दगडीला, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराला, आमंत्रण. तुमच्याकडे बसायची जागा चांगली असेल म्हणून मॅटचा फायदा निखळ मिळतोय. नवागोठाकडे ती नाही, तिथे आधी गव्हाणीसमोर मॅट टाकली तर गाय जास्त वेळ उभी राहील, आणि आपल्याला तर ती बसायला हवीय.

शेणगोळे

बसायच्या जागेवर मॅट टाकणार असाल तर हे वाचा, कारण मॅट टाकली म्हणजे काम झालं असं समजणारे खूप आहेत.

मॅट मऊ आहे पण ओल शोषत नाही. वर मूत्र साचलं की गाय ओल्यात बसते किंवा बसतच नाही. ओलीचा फरक किती पडतो ह्याचा एक प्रयोग झालेला आहे, कोरड्या लाकडी भुशावर गायी दिवसाला सरासरी 13.8 तास बसल्या आणि ओल्याचिंब भुशावर 8.8 तास. पाच तास गेले, जागा तीच, फक्त ओल. आणि दोन्ही समोर ठेवले तर ओल्याकडे जवळजवळ कुणी फिरकलंच नाही. म्हणून मॅटवर कोरडा भुसा लागतोच, रोज मागची ओली पट्टी काढायची आणि नवीन टाकायचा. भुसा बारीक आणि ओलसर असेल तर जंतू त्यात जोमाने वाढतात, सडाला तेच चिकटतात. चुना भुरभुरतात काही लोक, थोडा चालतो, जास्त झाला की सडाची कातडी भाजते.

जमिनीला मागच्या बाजूला उतार ठेवा, मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर गाय रात्रभर मागे सरकत राहते. मॅटच्या तुकड्यांच्या फटीतून मूत्र खाली जातं आणि तिथे कुजतं, वास येतो, माशा होतात, त्यामुळे अधूनमधून उचलून धुवावी लागणार हे धरूनच चाला, हे मॅटवाला सांगत नाही.

आणि मॅटचाच हट्ट कशाला? जाड वाळू टाकता येत असेल तर वाळूसारखी जागा नाही. 15 सेंटिमीटर तरी थर हवा. गायीच्या अंगाप्रमाणे दबते, पाय घट्ट रोवतात, त्यात जंतूंना खायला काही नसतं, पाणी खाली उतरतं. वाळूवरच्या गायींचे सांधे बघा, केससुद्धा गेलेले नसतात. तोटा एकच, ती शेणाबरोबर वाहत जाते, नाल्या भरते, पंपाची वाट लावते, आणि रोज समतल करावी लागते, खड्डा पडला की गाय त्यात अडकून उठताना धडपडते. ज्यांच्याकडे शेण पाण्याने वाहून नेतात त्यांनी वाळूच्या फंदात पडू नये असं माझं मत, ज्यांचं शेण फावड्याने निघतं त्यांनी जरूर विचार करावा.

गव्हाणीचा माणूस

सगळे खुराकडेच बघतायत, मी जरा तोंडाकडची बाजू मांडतो, कारण चारा उरतोय ह्यात गव्हाणीच्या तळाचाही हात असू शकतो.

गाय चरताना मान खाली घालून खाते. गव्हाणीचा तळ तिच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर वर असला की तसंच मान खाली घालून आरामात खाता येतं, आणि मान खाली असली की लाळही जास्त सुटते. लाळ म्हणजे किरकोळ गोष्ट नाही, दिवसाला 100 लिटरच्या वर सुटते आणि पोटातलं आम्ल तीच मारते. तळ पायांच्या पातळीला किंवा खाली असेल तर गाय पुढचे पाय फाकवते, पुढे रेटते, खांद्याला आडवा पाईप लागून गाठ येते, आणि भार सगळा पुढच्या खुरांवर. उंच टाकीसारखी गव्हाण असेल तर चारा उडवत खाते, नासाडी जास्त.

नवागोठा, तुमच्या गव्हाणीचा तळही खरबरीत कोब्याचाच आहे का? मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आणि लाळ ह्यांचं आम्ल सिमेंट खातं, खडी उघडी पडते, खळग्यात जुना चारा अडकून आंबतो, बुरशी येते, मग वर टाकलेला ताजा चाराही गाय नाकाने ढकलून सोडते. तळावरून हात फिरवा, हाताला बोचलं तर जिभेलाही बोचणार. गुळगुळीत टाईल किंवा इपॉक्सीचा थर दिला की हा प्रश्न मिटतो. मजा बघा, पायाखाली गुळगुळीत चालत नाही आणि तोंडाखाली खरबरीत चालत नाही, आपल्याकडे बहुतेक गोठ्यात नेमकं उलटं असतं.

जागापण मोजा, गायीमागे गव्हाणीची 60 ते 75 सेंटिमीटर लांबी लागते. कमी असेल तर कालवडी मागे राहतात, आणि जमीन निसरडी असेल तर मोठी गाय अंगावर आली की कालवडीला पटकन बाजूला होता येत नाही, पाय घसरतो, मग ती गर्दी असताना येतच नाही. उशिरा येते तोवर वरचा चांगला चारा संपलेला. चारा दिवसातून दोन-चारदा पुढे ढकलत जा.

दावणवाली

आमच्या गायी दावणीला बांधलेल्या, खायची जागा आणि बसायची जागा एकच, मग आमच्यासारख्यांना निवडच नाही, तिथेच सगळं नीट करावं लागतं. माझा अनुभव असा की मॅटपेक्षा दोर आणि पुढची मोकळी जागा ह्याने फरक जास्त पडला. गव्हाणीची भिंत उंच होती, उठताना डोकं पुढे फेकायला जागाच नाही, त्यामुळे गायी कुत्र्यासारख्या मागच्या अंगावर बसून पुढचे पाय आधी उचलायच्या, किंवा उठायचा कंटाळा म्हणून बसल्या की बसूनच, चारा पुढ्यात असून उठत नव्हत्या. भिंत कापून खाली घेतली, दोर लांब केला, मग उठबस सुरळीत झाली. मॅट नंतर टाकली. जागा आखूड असेल तर मागचे पाय नालीच्या कडेवर येतात तेही बघा, मॅट कितीही मऊ असली तरी टाच नालीच्या धारेवर असेल तर काय उपयोग.

पशुवैद्यताई

दावणवाली, अगदी बरोबर, पुढे झेपायला साधारण पाऊण मीटर तरी मोकळं हवं. घोड्यासारखी पुढून उठणारी गाय दिसली की आधी पुढची अडचण शोधायची.

आणखी एक सांगायचं राहिलं, निसरड्या कोब्यावर गायी माजावर आल्या तरी एकमेकींवर चढत नाहीत, पडायची भीती असते. मग माज दिसत नाही आणि दोष जातो चाऱ्याला किंवा रेतन करणाऱ्याला.

नवागोठा

सगळ्यांचे आभार, डोकं बरंच साफ झालं. गव्हाणीचा तळ हाताला बोचतोय, तेही करावं लागेल. म्हणजे आधी बसायची जागा, मॅट वर भुसा किंवा वाळू (शेण फावड्यानेच काढतो, त्यामुळे वाळूकडे मन जातंय), पहिल्या वेताच्यांना वेगळा मऊ कोपरा. आता गव्हाणीसमोरच्या कोब्याचं काय करू, मॅट परवडेपर्यंत? तो खरबरीतपणा घासून काढला तर परत घसरणार ना?

खूरतासणी

खरबरीतपणा आणि पकड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खराट्याच्या रेघा खूर घासतात आणि काही काळाने स्वतःच झिजून गुळगुळीत होतात, म्हणजे आधी तळवा खायचा आणि मग घसरवायचं. त्यापेक्षा कोब्यावरून सिमेंटचा जड ठोकळा किंवा लोखंडी पातं ओढून वरची टोकं मोडून काढा, चूर धुऊन टाका, आणि मग मशिनने खाचा पाडून घ्या. खाच 10 ते 12 मिलिमीटर खोल, रुंदीही तेवढी किंवा थोडी जास्त, दोन खाचांत 8 ते 10 सेंटिमीटर अंतर, मधला भाग सपाट. फार रुंद केल्या तर खुराला आधार मिळत नाही, फार लांब लांब केल्या तर पाय खाचेपर्यंत पोचायच्या आत घसरलेला असतो. सरळ वाटेवर शेण ओढायच्या दिशेने खाचा, आणि जिथे गायी वळतात, पाण्याच्या टाकीजवळ, धारेच्या दारात, तिथे चौकटीसारख्या आडव्या-उभ्या. मशिनने कापलेल्या कडाही धारदार असतात, परत एकदा ठोकळा फिरवून मगच गायी सोडा.

शेण दिवसातून जेवढ्या वेळा काढाल तेवढं चांगलं. सतत ओल्या शेणात उभं राहिलं की खुराचं शिंग, म्हणजे बाहेरचं कडक कवच, मऊ पडतं, टाच झिजते, बोटांमधली जखम एकीकडून दुसरीकडे जाते. मऊ पडलेलं खूर कोब्यावर झिजतंही लवकर.

नवागोठा

दादा शेवटचा प्रश्न, पुढे कधी गव्हाणीसमोर मॅट टाकली तर पट्टी किती रुंद घेऊ? मॅटवाला मीटरभर पुरे म्हणतोय.

खूरतासणी

मीटरभर घेतली तर पुढचे पाय मॅटवर आणि मागचे कोब्यावर, आणि त्रास असतो मागच्यांना. गायीचे चारही पाय मावतील एवढी घ्या, दोन मीटरच्या आसपास. आणि मॅटवर खुरं कमी झिजतात म्हणून लांब वाढतात, तेव्हा तासणी लांबवू नका, वर्षातून दोनदा तरी प्रत्येकीचा पाय उचलून बघायचाच.

दूधगाडा

माझी पट्टी मोजली आत्ता, दोन मीटरला थोडी कमी आहे 😀 मागचे पाय कडेवर येतात काहींचे. उद्या पहाटे बसलेल्या मोजतो मीपण.